शिरगावकर, पण कुठल्या शिरगावचे?

वाचकाचं पत्र

आमचं आडनाव शिरगावकर. घर मालवण तालुक्यात, चार पिढ्या तरी इथेच. आजी एवढंच सांगायची, "आमी देवगडाकडसून इलंव." मुलीला शाळेत वंशवृक्ष करायला सांगितला, तेव्हा पणजोबांच्या वर एकही नाव मला सांगता आलं नाही. फार वाईट वाटलं. नेटवर शोधलं तर परदेशी संकेतस्थळं दरमहा पैसे मागतात. एका ठिकाणी तर 'तुमच्या आडनावाचा संपूर्ण इतिहास' विकायलाच ठेवलाय. पैसे न भरता आमच्या आडनावाची मुळं शोधता येतील का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर

नमस्कार,

शोधता येतील, आणि पैसे भरायची अजिबात गरज नाही. ती परदेशी संकेतस्थळं वाईट नाहीत, पण ती चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदींवर आणि जुन्या जनगणनेच्या तक्त्यांवर उभी आहेत. इंग्लंड-अमेरिकेत ठरावीक वर्षं उलटली की घरोघरच्या जनगणनेची पानं लोकांसाठी खुली होतात. आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्याने ती माहिती गोपनीय ठेवली आहे, त्यामुळे तुमच्या पणजोबांच्या घराची जनगणनेची नोंद कुणीच तुम्हाला विकू शकत नाही. 'आडनावाचा संपूर्ण इतिहास' तर घेऊच नका. तुमच्या घराण्याचं एकही नाव ठाऊक नसलेल्या माणसाने लिहिलेला तो मजकूर असतो.

आता आडनावाकडे वळू. आजीच्या वाक्यावरून तुम्ही देवगड तालुक्यातलं, नांदगावहून देवगडला जाताना लागणारं शिरगाव धरून चालला असाल. ते बरोबर असू शकेल. पण रत्नागिरीला लागून एक शिरगाव आहे, जिथे मत्स्य महाविद्यालय आहे. चिपळूण तालुक्यात कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पोफळीजवळ एक आहे. पालघरला किल्ल्याचं शिरगाव आहे. कोकणात रस्ते नीट नव्हते तेव्हा लोक बोटीने ये-जा करायचे आणि देवगड हे आगबोट थांबायचं बंदर होतं, हेही ध्यानात घ्या. 'देवगडाकडून आलो' म्हणजे देवगड तालुक्यातले, की देवगडला बोटीतून उतरलेले? आजीला हे विचारायची सोय आता नाही. म्हणून देवगडचं शिरगाव हा पहिला अंदाज धरा, उत्तर धरू नका.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शिरगावात जाऊन शिरगावकर शोधू नका, निदान फक्त तेवढेच शोधू नका. गावात सगळेच गावचे, तिथे 'शिरगावकर' म्हणून कुणाची वेगळी ओळख पटणार? हे आडनाव बहुतेक वेळा गाव सोडलेल्याला नव्या गावाने दिलेलं असतं. केळूसचे केळुसकर, परुळ्याचे परुळेकर, आचऱ्याचे आचरेकर झाले ते असेच. मागे राहिलेले तुमचे भाऊबंद आज सावंत, राणे, परब, घाडी, राऊत असं काहीही लावत असतील. उलट बाजूने पाहिलं तर गावाच्या नावाचं आडनाव अनेक जातींत असतं, त्यामुळे दोन शिरगावकर भेटले म्हणजे ते नात्यातले असं अजिबात नाही. नुसतं आडनाव टाकून चालणारे सगळे शोध कोकणात फसतात ते इथे. आपल्याकडे शोधायचं ते गाव, आणि गावातली जमीन.

म्हणून मोबाइल हातात घेण्याआधी घरातल्या आणि वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना तीन गोष्टी विचारा. आपण कुणाकुणाचं सुतक धरतो? कुलदैवत कोणतं? आणि आपल्या गावाखेरीज कुठल्या देवळात आपला नारळ जातो? सुतकाचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. आडनाव बदलतं, गाव बदलतं, पण सुतक पिढ्यान् पिढ्या पाळलं जातं. वेगळं आडनाव लावणाऱ्या एखाद्या घराचं सुतक तुम्ही धरत असाल, तर तुमचा आणि त्यांचा मूळपुरुष एक आहे असं समजून पुढे जा. आणि हे प्रश्न आत्यांना, मावश्यांना, लग्न होऊन गेलेल्या चुलत आज्यांना जरूर विचारा. पुरुषांना जमिनीचे गट आठवतात, बायकांना माणसं आठवतात. कोण कुणाच्या घरी दिली, कोण लहानपणी गेलं, कोण मुंबईला गिरणीत गेला तो परत आलाच नाही, हे त्याच सांगू शकतात. गणपतीत सगळे जमतात तेव्हा त्यांना बोलतं करा आणि मोबाइलवर आवाज टिपून ठेवा.

आता नेटवर. तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं संकेतस्थळ वंशावळीचं नाहीच, ते आहे राज्य सरकारचं महाभूलेख. तिथे कोकण विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव निवडलं की सातबारा गट किंवा सर्वे नंबराने शोधता येतो, तसाच पहिल्या नावाने, मधल्या नावाने आणि आडनावानेही शोधता येतो. मोबाइल क्रमांक द्यावा लागतो, पण विनास्वाक्षरीचा उतारा पाहायला पैसे पडत नाहीत. आधी स्वतःच्या गावात आडनावाच्या चौकटीत शिरगावकर टाका. जेवढे खातेदार येतील त्यांची नावं वहीत उतरवा, कारण एका गावात एकाच आडनावाची माणसं कुठल्या जमिनीवर एकत्र आहेत हे पाहिलं की कुठली घरं एका मुळातून फुटली ते दिसायला लागतं. सामाईक सातबाऱ्यावरच्या वीस-वीस नावांना आपण वैतागतो, पण वंशावळ शोधणाऱ्याला तीच यादी हवी असते.

मग त्या उताऱ्यावरचे फेरफार क्रमांक बघा. फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव का आणि कसं बदललं त्याची नोंद. प्रत्येक खातेदाराच्या नावाजवळ एक क्रमांक असतो आणि उताऱ्यावर जुन्या फेरफारांचे क्रमांकही दिलेले असतात. ते सगळे लिहून घ्या, कारण घराण्याची हकीगत सातबाऱ्यावर नसते, ती फेरफारात असते. खातेदार मयत झाला की वारसांची नोंद होते. त्या नोंदीत मयत कधी झाला, मागे बायको, मुलगे, मुली, नातवंडं कोण हे नात्यासकट लिहिलेलं असतं. एका वारस फेरफाराने एक पिढी मागे जाता येतं. त्यात ज्याचं नाव मिळालं, त्याच्या नावावर जमीन कशी आली तो फेरफार काढायचा, की आणखी एक पिढी. हक्कनोंदीची पद्धत मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने आली, म्हणजे नशीब चांगलं असेल तर या एकाच वाटेने तुम्ही शंभर वर्षं मागे पोचाल.

जुने फेरफार वाचताना काही खुणा लागतील. 'राघो बिन सखाराम' म्हणजे सखारामचा मुलगा राघो. 'कोम' आलं तर पुढचं नाव नवऱ्याचं. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे त्या एका नावाआड त्याचे भाऊ दडलेले आहेत. ते पुढच्या एखाद्या वाटपाच्या किंवा ए.कु.मॅ. कमी केल्याच्या फेरफारात बाहेर येतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान, वयाने लहान असलेल्या मुलाचा पालनकर्ता. वडील लवकर गेलेल्या घरात हे दिसतं आणि पालन करणारा बहुधा आई किंवा काका असतो. जुन्या नोंदीत आडनाव नसेल किंवा वेगळंच असेल तर घाबरू नका. खरं तर तीच जागा तुम्ही शोधताय, तुमचं आडनाव शिरगावकर होण्याआधी काय होतं ती.

मुलींची नावं जुन्या वारस नोंदींत फारशी सापडणार नाहीत. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुलींची नावं येऊ लागली, अनेकदा सासरच्या नावाने. त्याआधीच्या आत्या आणि आज्या कागदावर मिळत नाहीत, म्हणून वर म्हटलं की त्यांची नावं माणसांकडूनच घ्या.

तुमचं घराणं कुळाचं असेल, म्हणजे पूर्वी खोताची जमीन कसत असेल, तरी निराश होऊ नका. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन धरून कसणाऱ्या कुळांना मालकीचा हक्क मिळाला आणि त्या सुमाराच्या फेरफारांत कुळांची नावं बापाच्या नावासकट येतात. खोती गावांत त्याच्याही मागे बोटखतं आहेत. 1880 च्या खोती सेटलमेंट कायद्याखाली गावोगाव जमीन कोण कसतो, कुठल्या हक्काने कसतो हे त्यांत नोंदवलं गेलं. ही बोटखतं घरबसल्या पाहता येण्याची आशा धरू नका, तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून नक्कल घ्यावी लागते. जुन्या फेरफारांसाठी मात्र सरकारचं 'आपले अभिलेख' हे संकेतस्थळ आधी बघा. जुने सातबारे, फेरफार, खाते उतारे स्कॅन करून तिथे चढवलेले आहेत. तुमच्या तालुक्यातल्या गावाचे मिळाले तर एक हेलपाटा वाचला. नाही मिळाले तर फेरफार क्रमांक घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात जा. क्रमांक हातात असलेल्या माणसाचं काम लवकर होतं, नुसतं "आमच्या पणजोबांचं काही आहे का" असं विचारणाऱ्याला सगळीकडून परत पाठवतात.

एक बारकावा विसरू नका. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला. त्याआधी मालवण आणि देवगड रत्नागिरी जिल्ह्यात होते. जुन्या कागदांत, पुस्तकांत, सैन्याच्या यादीत शोधताना जिल्हा रत्नागिरी टाका. सिंधुदुर्ग टाकलंत तर काहीच मिळणार नाही आणि नोंदच नाही असा चुकीचा समज होईल.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावची 1967 पूर्वीची दप्तरं उघडली. बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर सापडलेल्या नोंदी गाववार ठेवल्या आहेत, त्यांत जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14, म्हणजे आपलं कोतवाल बुकही आहे. तुम्ही कुणबी असा वा नसा, तुमच्या गावाची आणि चारही शिरगावांची पानं जरूर पाहा. एका पानावर एका घराचीच नोंद असते असं नाही, शेजाऱ्यांचीही असते. कोतवाल बुकात मृत्यूची नोंद मिळाली तर तारीख हाती लागते आणि तारखेची आपल्याला फार गरज आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे राघो सखाराम, सखाराम राघो, पुन्हा राघो सखाराम अशी साखळी लागते. नुसत्या नावावर जोडत गेलात तर पणजोबा आणि त्यांचे आजोबा एकच माणूस होऊन बसतात. प्रत्येक नावापुढे साल लिहा, मग ते कुठल्याही कागदावरून आलेलं असो.

यातली बरीच पानं मोडी लिपीत असतील. मोडी शिकणं वाटतं तेवढं अवघड नाही, यूट्यूबवर मराठीतून फुकट धडे आहेत आणि तुम्हाला सगळी मोडी नको, ठरावीक दहा-पंधरा शब्द आणि तुमच्या घरातली नावं ओळखता आली की नोंदीचा अर्थ लागतो. शाळेत जाणारी मुलगी आहे म्हणता, तिला सोबत घ्या. मुलं ही अक्षरं आपल्यापेक्षा लवकर उचलतात.

पुस्तकांसाठी इंटरनेट आर्काइव्ह. तिथे कोकणातल्या अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत स्कॅन करून ठेवलेले आहेत आणि ते फुकट वाचता येतात, उतरवूनही घेता येतात. शोधताना देवनागरीत एकदा आणि रोमन अक्षरांत दोन-तीनदा शोधा. चढवणाऱ्याने 'कुलवृत्तांत'मधला 'वृ' कधी आर-यू लिहिलेला असतो, कधी आर-आय, कधी मधला टी एकच असतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर छापील कुलवृत्तांत ज्यांच्याकडे लेखणी होती आणि छपाईला पैसे होते त्यांचेच जास्त आहेत, त्यामुळे तुमचा नसेल तर तुमच्या घराण्याला इतिहास नाही असं मुळीच समजू नका. तरीही चाळा, कारण या ग्रंथांत गावातली इतर घरं, मानकरी, खोत यांचे उल्लेख येतात. तिथेच मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा दहावा खंड मिळेल, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, 1880 सालचा. राज्याच्या गॅझेटियर विभागानेही तो नेटवर ठेवला आहे. गावं, बंदरं, रस्ते, शेतीची पद्धत यासाठी तो उत्तम आहे. त्यातली जातींविषयीची वर्णनं मात्र इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेची आहेत. कोण कुठून आले, कोण कुणापेक्षा वरचे असल्या वाक्यांना आपल्या घराण्याचा पुरावा म्हणून उचलू नका.

तुमच्या कुटुंबात कुणी पलटणीत किंवा बोटीवर होतं अशी आठवण असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं संकेतस्थळ उघडा. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची आणि खलाशांची ती यादी आहे, पूर्ण फुकट. रत्नागिरी जिल्ह्यातून मराठा पलटणींत खूप भरती व्हायची. 1915-16 मध्ये इराकात कूतच्या वेढ्यात अडकलेल्यांत मराठा पलटणी होत्या. या यादीत अनेक हिंदी सैनिकांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. आडनाव बहुधा नसतं, म्हणून जादा माहितीच्या रकान्यात देवगड, मालवण किंवा रत्नागिरी टाकून शोधा. इंग्रज कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेली नावं आहेत, मोठ्याने वाचून बघितली की ओळख पटते. 'तो लढाईवर गेला आणि आलाच नाही' एवढीच आठवण ज्या घरात आहे, त्यांनी हा शोध जरूर घ्यावा असं मी कळकळीने सांगेन.

फॅमिलीसर्च हे अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका चर्चने चालवलेलं संकेतस्थळ खरोखर फुकट आहे. हरिद्वार, कुरुक्षेत्र अशा उत्तरेकडच्या क्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांच्या प्रतिमा तिथे आहेत, पण पानं एकेक उलटत बसावी लागतात. पूर्वज तिकडे गेल्याची पक्की आठवण नसेल तर त्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा नाशिक-त्र्यंबकेश्वरला कधी जाणं झालं तर तिथल्या क्षेत्रोपाध्यांना मूळ गाव सांगून वहीत घराण्याची नोंद आहे का ते विचारा. ते नेटवर नाही, पण तुमच्या खापरपणजोबांनी स्वतः सांगितलेली नावं तिथे निघू शकतात. वंशवृक्ष मांडायला ग्रॅम्प्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते आपल्याच संगणकावर चालतं आणि देवनागरीत नावं लिहिता येतात. फॅमिलीसर्चवरचा वृक्ष सगळ्या जगाचा मिळून एक असतो, तुम्ही लिहिलेलं कुणीही बदलू शकतं, म्हणून मूळ प्रत घरच्या संगणकावरच ठेवा.

शेवटची गोष्ट कागदांची नाही, माणसांची आहे. तुम्ही वारस फेरफार काढताय ही बातमी वाडीत पोचायला वेळ लागत नाही आणि कोकणात जुने फेरफार काढणारा माणूस हिस्सा मागायला निघालाय असंच सगळे धरतात. म्हणून पहिला उतारा काढायच्या आधी भाऊबंदांच्या घरी जाऊन स्पष्ट सांगा, मुलीला पूर्वजांची नावं हवीत, जमिनीशी मला काही करायचं नाही. जे मिळेल त्याची एक प्रत त्यांनाही देईन म्हणा, आणि द्याच. एखाद्या नोंदीत जुना वाद, दत्तक, दुसरं लग्न असं काही निघालं तर ते गणपतीतल्या बैठकीत वाचून दाखवू नका, ज्यांच्या घरचं आहे त्यांनाच आधी दाखवा. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि सर्वे नंबर नेटवरच्या कुठल्याही वृक्षावर टाकू नका. आणि शिरगावात पहिल्यांदा जाल तेव्हा थेट घरं विचारत फिरण्यापेक्षा देवळात जा, गुरवाला किंवा मानकऱ्यांना कुलदैवत सांगा आणि विचारा, मालवणकडे गेलेल्या कुणाचा नारळ अजून इथे येतो का?